वादळानंतरची सकाळ : चित्रकार जॉन कॉन्स्टेबल ह्याचे चरित्र

समुद्राकाठच्या एका टेकडीवर पडका किल्ला उभा आहे. त्याचे दोन बुरूज तेवढे शिल्लक राहिले असून जवळचा बुरूज माथ्यापासून खालपर्यंत दुभंगलेला आहे. पायथ्याशी एक मेंढपाळ आपल्या कुत्र्यासह चालला आहे व उतारावर गुरे चरत आहेत. उजव्या हातास जमीन खाली उतरत जाते आणि जेथे टेम्स नदी समुद्रास मिळते तेथील विस्तीर्ण पाणी क्षितिजापर्यंत पसरलेले दिसते. रात्रीच्या वादळाचे ढग अद्यापि पांगलेले नाहीत. परंतु त्यांच्या फटींतून सूर्याचे किरण पाण्यावर उतरले आहेत आणि किनाऱ्यावरचे पक्षी वाऱ्यावर उडत आहेत. सुमारे चार फूट उंच व साडेपाच फूट रुंद असे हे तैलचित्र इंग्लंडमधील सुप्रसिद्ध निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल ह्याने सन १८२९ मध्ये लोकांपुढे मांडले. ‘हॅडली कॅसल’ ह्या नावाने ते ओळखले जाते. वादळी रात्रीनंतरची सकाळ, असे चित्रकाराने त्याचे वर्णन नावातच जोडून ठेवले होते.

आपणां सोलापूरकरांस पडका तट आणि पाणी ह्यांचे सान्निध्य नवे नाही. भुईकोट किल्ल्याची दुहेरी तटबंदी आणि तिच्या बाजूस पसरलेला सिद्धेश्वराचा तलाव हे दृश्य आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. ज्यांनी वसईचा किल्ला पाहिला असेल त्यांस समुद्राच्या वाऱ्यात उभ्या असलेल्या भग्न भिंती मनास कशा उदास करतात हेही ठाऊक असेल. तथापि केवळ दृश्याची ओळख पटते म्हणून ह्या परदेशी चित्रकाराचे चरित्र आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत यावे असे नव्हे. ह्या चित्राच्या मागे एका कुटुंबाची कथा आहे. मुलाने वडिलांचा धंदा सोडावा की न सोडावा, मुलीने कोणाच्या घरी जावे, वडील मंडळींचा शब्द कोठवर चालावा, हे जे प्रश्न आपल्या घरांतून आजही उभे राहतात, तेच त्या घरातही उभे राहिले होते. त्यांपैकी एकाचे उत्तर शहाणपणाने दिले गेले, दुसऱ्याचे हट्टाने. दोहोंचे परिणाम ह्या चरित्रात स्पष्ट दिसतात.

जॉन कॉन्स्टेबल ह्याचा जन्म ११ जून १७७६ रोजी इंग्लंडच्या पूर्व भागातील सफक परगण्यात ईस्ट बर्गहोल्ट नावाच्या खेड्यात झाला. त्याचे वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल हे धान्याचे मोठे व्यापारी होते. स्टूर नदीच्या काठी फ्लॅटफर्ड येथे व पुढे डेडॅम येथे त्यांच्या पाणचक्क्या होत्या. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे त्यांस पाण्याच्या वेगावर जाते कसे फिरते हे सांगावयास नको. ह्याशिवाय गावात त्यांची पवनचक्की होती आणि दळलेले धान्य लंडनला नेण्यासाठी स्वतःचे गलबतही होते. घर खाऊनपिऊन सुखी, गावात मान, सहा अपत्ये. थोरला मुलगा प्रकृतीने अधू असल्याने धंद्याचा भार उचलण्याजोगा नव्हता. म्हणून दुसरा मुलगा जॉन हाच आपली गादी चालवील, असे वडिलांनी धरून ठेवले होते.

जॉन डेडॅमच्या शाळेत शिकला. अभ्यासात त्याने विशेष चमक दाखविली नाही. परंतु हातात पेन्सिल आली की तो देहभान विसरे. गावात डनथॉर्न नावाचा एक कारागीर राहत असे. नळ बसविणे व खिडक्यांस काचा लावणे हा त्याचा धंदा. फावल्या वेळी तो चित्रे काढी. हा कारागीर आणि व्यापाऱ्याचा हा मुलगा मिळून शेताच्या बांधावर बसत व समोर दिसेल ते रंगवीत. चित्रकलेचे पहिले धडे जॉनने असे घेतले. पुढे सर जॉर्ज बोमाँट ह्या रसिक गृहस्थाने त्यास आपल्या संग्रहातील क्लोद लोरँ ह्या जुन्या थोर चित्रकाराचे एक चित्र दाखविले. ते पाहून निसर्गचित्रण हे आयुष्य वाहून टाकण्याजोगे कार्य आहे, ही खूणगाठ त्याने मनाशी बांधली.

तथापि शाळा सुटल्यावर त्यास वडिलांच्या चक्कीवर बसावे लागले. सुमारे वर्षभर त्याने पवनचक्कीवर काम केले. हे वर्ष वाया गेले नाही. मृगाच्या सुमारास आपला शेतकरी ज्या नजरेने आभाळाकडे पाहतो त्याच नजरेने चक्कीवाल्यास रोज आभाळाकडे पाहावे लागते. वारा कोणीकडून वाहतो, ढग कोणत्या जातीचा, तो पाऊस देईल की नुसताच पुढे जाईल, हे ओळखल्यावाचून चक्कीची पाती वळविता येत नाहीत. कॉन्स्टेबलच्या चित्रांतील आकाश इतर चित्रकारांच्या आकाशाहून वेगळे का दिसते ह्याचे मूळ ह्या एका वर्षात आहे. पुढे सन १८२१ व १८२२ मध्ये त्याने लंडननजीक हॅम्पस्टेड येथे नुसत्या ढगांचे कितीतरी अभ्यास रंगविले. त्यांपैकी अनेकांच्या पाठीवर त्याने तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा टिपून ठेवली आहे. बापाच्या धंद्यातील शिस्त मुलाच्या कलेत उतरली ती अशी.

मुलाचे मन चक्कीत नाही हे वडिलांच्या ध्यानात आले होते. चित्रे काढून पोट भरेल ह्यावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. परंतु अखेरीस सन १७९९ मध्ये त्यांनी मुलास लंडनला जाण्याची परवानगी दिली व खर्चास नेमणूकही करून दिली. त्या वर्षी जॉन रॉयल अ‍ॅकॅडमीच्या चित्रशाळेत दाखल झाला. त्या वेळी तो बावीस वर्षांचा होता. धाकटा भाऊ अब्राम ह्याने धंदा आपल्या अंगावर घेतला आणि पुढे जन्मभर सचोटीने चालविला. थोरल्या भावाने कलेच्या मागे जावे आणि धाकट्याने मुकाट्याने दुकान सांभाळावे, ही गोष्ट आपल्याकडेही घडते. परंतु अशा धाकट्या भावांची चरित्रे कोणी लिहीत नाही. अब्रामने चक्की चालविली नसती तर जॉनच्या हातून चित्रे झाली नसती, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

सन १८०२ मध्ये त्यास एका लष्करी शाळेत चित्रकला शिक्षकाची जागा मिळत होती. नोकरी पगाराची व कायमची. त्याने ती नाकारली. एकदा नोकरीत अडकलो की स्वतःच्या वाटेने जाणे संपले, असे त्यास वाटले. त्याच वर्षी अ‍ॅकॅडमीच्या प्रदर्शनात त्याचे चित्र प्रथम लागले. परंतु त्या काळी इंग्लंडात केवळ निसर्गचित्रास फारसा मान नव्हता. देवादिकांचे अथवा इतिहासातील प्रसंग रंगविणारा चित्रकार श्रेष्ठ, श्रीमंतांच्या तसबिरी काढणारा दुसरा, आणि झाडे, ओढे व शेते रंगविणारा सर्वांच्या खाली, अशी उतरंड होती. लोकांस इटलीतील भव्य देखावे आवडत. कॉन्स्टेबल मात्र आपल्या गावचा ओढा, आपल्या वडिलांची चक्की, बांधावरचे झाड आणि चिखलात रुतलेली गाडी ह्यांखेरीज अन्य विषयांस सहसा हात लावीत नसे. जे आपण प्रेमाने पाहिले तेवढेच रंगवावयाचे, हा त्याचा नेम होता. चित्रे खपत नसत. उदरनिर्वाहासाठी तो तसबिरी काढी व वडिलांच्या पैशावर दिवस ढकली.

अशा स्थितीत सन १८०९ मध्ये त्याचे मन मराया बिकनेल हिच्यावर जडले. त्याचे वय तेहेतीस, तिचे एकवीस. मरायाचे वडील लंडनमधील नामांकित वकील असून आरमार खात्याचे काम त्यांजकडे होते. तिचे आजोबा डॉक्टर रूड हे कॉन्स्टेबलच्या गावचेच धर्मगुरू. मोठे श्रीमंत आणि तितकेच मानी. मुलीचे मनही जॉनकडे होते. परंतु चक्कीवाल्याच्या घरी, आणि तेही ज्याच्या कमाईचा भरवसा नाही अशा चित्रकारास, आपली नात द्यावयाची हे आजोबांस सहन झाले नाही. हा विवाह झाल्यास नातीस आपल्या मृत्युपत्रातून वगळू, अशी धमकी त्यांनी घातली. मरायाचे वडील स्वभावाने कठोर नव्हते. परंतु सासऱ्याच्या इस्टेटीवर आपल्या मुलांचा हक्क राहावा म्हणून तेही गप्प बसले. दोघांच्या भेटींस मनाई झाली. मरायास काही काळ लंडनपासून दूर नातलगांकडे ठेवण्यात आले. तीही विचारी मुलगी होती. पैशावाचून संसार हालात जाईल आणि संसाराच्या काळजीने जॉनची कला मरेल, ह्या भीतीने ती थांबून राहिली. अशी सात वर्षे गेली. त्या सात वर्षांत दोघांस एकमेकांची पत्रे हाच काय तो आधार होता.

ह्या प्रतीक्षेच्या काळात, सन १८१४ च्या जून महिन्यात, कॉन्स्टेबल आपल्या घरच्या ओळखीच्या एका वृद्ध धर्मोपदेशकाबरोबर एसेक्स परगण्याच्या दक्षिण किनाऱ्याकडे गेला होता. तेथे त्याने हॅडलीचा किल्ला पाहिला. तेराव्या शतकात ह्यूबर्ट द बर्ग ह्या सरदाराने तो बांधविला आणि चौदाव्या शतकात तिसऱ्या एडवर्ड राजाने त्याची नव्याने उभारणी केली. सन १५५१ मध्ये तो विकला गेला व नव्या मालकाने त्याचे चिरे काढून नेले. खालची चिकणमाती सरकत गेल्याने उरलेल्या भिंतीही ढासळल्या. कॉन्स्टेबलने खिशातील लहानशा वहीत त्या अवशेषांचे पेन्सिलीने एक छोटे रेखाटन केले आणि त्या जागेविषयी व समुद्राविषयी मरायास पत्राने कळविले. समुद्रकाठच्या त्या उदास भव्यतेने त्याचे मन भारावले होते. नंतर ती वही तशीच पडून राहिली.

सन १८१५ मध्ये त्याची आई वारली व १८१६ च्या मे महिन्यात वडीलही गेले. धंद्यातील जॉनचा वाटा अब्राम त्यास दरसाल पाठवीत राहील, अशी व्यवस्था झाली. आता कसाबसा का होईना, संसार चालेल अशी खात्री वाटून मरायाने आजोबांची पर्वा सोडली. २ ऑक्टोबर १८१६ रोजी लंडनच्या सेंट मार्टिन चर्चमध्ये दोघांचा विवाह झाला. जॉन फिशर ह्या धर्मोपदेशक मित्राने लग्न लाविले आणि पुढे समुद्रकाठच्या आपल्या घरी नवदांपत्यास ठेवून घेतले. वर चाळीस वर्षांचा, वधू अठ्ठावीस वर्षांची. मरायाचे वडील लवकरच निवळले. आजोबा सन १८१९ मध्ये वारले, तेव्हा मृत्युपत्र उघडून पाहता त्यांनी मरायासाठी चार हजार पौंड ठेवल्याचे आढळले. म्हणजे ज्या धमकीने सात वर्षे खाल्ली ती त्या वृद्ध गृहस्थानेही शेवटी खरी केली नाही. मग ती वर्षे कोणाच्या कल्याणासाठी गेली, हा प्रश्न वाचकांनी स्वतःशीच विचारून पाहावा.

संसार सुखाचा झाला. चार मुलगे व तीन मुली अशी सात अपत्ये झाली. त्याच काळात कॉन्स्टेबलच्या कलेसही बहर आला. सहा फूट रुंदीची मोठी निसर्गचित्रे त्याने रंगविण्यास आरंभ केला. मोठ्या चित्राआधी तेवढ्याच आकाराचा कच्चा आराखडा तैलरंगात करावयाचा व मग दुसऱ्या कॅनव्हासवर पक्के चित्र उतरवावयाचे, अशी त्याची दुप्पट मेहनतीची रीत होती. सन १८१९ मध्ये ‘पांढरा घोडा’ हे त्याचे चित्र गाजले आणि त्याच वर्षी अ‍ॅकॅडमीने त्यास सहसभासद करून घेतले. सन १८२१ मध्ये त्याने फ्लॅटफर्डच्या चक्कीशेजारी ओढ्यात उभी असलेली गाडी रंगविली. ‘द हे वेन’ ह्या नावाने आज जगभर माहीत असलेले हे चित्र त्या वर्षी इंग्लंडात विकले गेले नाही. पुढे एका फ्रेंच व्यापाऱ्याने ते घेऊन सन १८२४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले, तेव्हा तेथील तरुण चित्रकार थक्क झाले आणि राजा दहावा चार्ल्स ह्याने कॉन्स्टेबलला सुवर्णपदक दिले. आयुष्यात एकदाही इंग्लंडबाहेर पाऊल न टाकलेल्या ह्या मनुष्याचा पहिला मोठा सन्मान असा परमुलखात झाला.

परंतु घरात संकट येऊन ठेपले होते. मरायास क्षयाची बाधा झाली. त्या काळी ह्या रोगावर औषध नव्हते. मोकळी हवा हाच उपाय समजला जाई. त्यासाठी कॉन्स्टेबलने सन १८२४ पासून तिला समुद्रकाठी ब्रायटन येथे नेण्यास सुरुवात केली आणि १८२७ मध्ये लंडनच्या धुरापासून दूर, हॅम्पस्टेडच्या उंचवट्यावर घर घेतले. १८२८ च्या जानेवारीत सातवे अपत्य झाले. त्याच वर्षी मरायाचे वडील वारले व त्यांच्या इस्टेटीतून वीस हजार पौंड मिळून पैशाची विवंचना कायमची मिटली. ज्या पैशाच्या भीतीने लग्न सात वर्षे थांबले होते तो पैसा घरात आला. पण ज्या माणसासाठी तो हवा होता ते माणूस हातचे चालले होते. २३ नोव्हेंबर १८२८ रोजी मरायाने देह ठेविला. तिचे वय चाळीस वर्षांचे होते. थोरल्या मुलास अकरावे वर्ष लागले होते आणि धाकटा अजून वर्षाचाही नव्हता. लग्नासाठी वाट पाहण्यात सात वर्षे गेली आणि संसार लाभला तो अवघा बारा वर्षांचा, हा हिशेब मांडताना मन विषण्ण होते.

कॉन्स्टेबलने त्यानंतर सुतकाचे काळे कपडे जन्मभर उतरविले नाहीत. जगाचा रंगच आपल्यापुरता पालटला, अशी त्याची भावना झाली. आणि अशा स्थितीत त्याच्या हाताने जो विषय निवडला तो गावचा ओढा नव्हता, चक्की नव्हती, शेतही नव्हते. चौदा वर्षांपूर्वीची ती लहान वही त्याने उघडली आणि मरायाची वाट पाहत असताना पाहिलेला तो समुद्रकाठचा पडका किल्ला रंगविण्यास घेतला. आपल्या रीतीप्रमाणे प्रथम पूर्ण आकाराचा कच्चा आराखडा केला. तो पाहिला म्हणजे त्याच्या मनाची अवस्था डोळ्यांपुढे उभी राहते. रंग जाड थरांनी व पातळ सुरीने लावलेले आहेत. आकाश, भिंत, गवत सर्वच जणू वाऱ्याने पिंजून निघाले आहे. त्यावरून त्याने पक्के चित्र सिद्ध केले.

हे काम चालू असतानाच, १० फेब्रुवारी १८२९ रोजी, अ‍ॅकॅडमीने त्यास पूर्ण सभासद निवडले. तेही अवघ्या एका मताच्या आधिक्याने. त्याचा समकालीन टर्नर हा वयाच्या सव्विसाव्या वर्षीच सभासद झाला होता. कॉन्स्टेबल बावन्न वर्षांचा होता. निवडीची बातमी सांगण्यास टर्नर स्वतः त्याच्या घरी आला. ज्या सन्मानासाठी आयुष्य वेचले तो हाती आला तेव्हा तो दाखवावयास घरात मराया नव्हती. ह्या गोष्टीची टोचणी त्यास शेवटपर्यंत राहिली.

त्या उन्हाळ्यात ‘हॅडली कॅसल’ प्रदर्शनात लागले. तेथील एक हकीकत त्याचा मित्र व चरित्रकार लेस्ली ह्याने लिहून ठेविली आहे. प्रदर्शनाआधी चित्रांवर शेवटचा हात फिरविण्याच्या दिवशी प्रसिद्ध मूर्तिकार चँट्री तेथे आला. चित्राचा पुढचा भाग फार थंड दिसतो असे म्हणून त्याने कॉन्स्टेबलच्या हातातील रंगफळी घेतली व डांबरासारखा तपकिरी रंग त्या भागावर फासला. कॉन्स्टेबल अस्वस्थपणे मागे उभा होता; गवतावरचे आपले सगळे दंव गेले, एवढेच तो हळहळत लेस्लीस म्हणाला. चँट्रीविषयी त्यास आदर होता, म्हणून तोंडावर तो काही बोलला नाही. परंतु नंतर तो सर्व रंग त्याने काळजीपूर्वक पुसून काढला. वादळी रात्रीनंतर गवतावर चमकणारे पाणी हाच त्या चित्राचा प्राण होता. तो कोणाच्या भिडेखातर झाकू देणे त्यास शक्य नव्हते.

हे चित्र केवळ शोकाचे आहे, असे पुष्कळ जण मानतात. दुभंगलेला बुरूज आणि उजाड किनारा पाहता तसे वाटणे साहजिक आहे. परंतु चित्रकाराने रात्र रंगविली नाही, रात्रीनंतरची सकाळ रंगविली आहे, हे विसरता कामा नये. बुरूज पडला तो पडलाच; तो पुन्हा सांधला जात नाही, आणि कॉन्स्टेबलने तो सांधण्याचा प्रयत्नही केला नाही. परंतु गुरे चारावयास नेली पाहिजेत, म्हणून मेंढपाळ व गुराखी पहाटेच बाहेर पडले आहेत. घरी सात पोरकी मुले असलेल्या पित्याने हे चित्र काढले आहे, हे ध्यानात ठेवून त्या मेंढपाळाकडे पाहावे.

त्या मुलांस त्याने आईच्या मायेने वाढविले आणि कामही सोडले नाही. सन १८३१ मध्ये त्याने सॉल्झबरीच्या प्रार्थनामंदिराचे भव्य चित्र प्रदर्शनात मांडले. त्यात काळ्या ढगांवर इंद्रधनुष्य उमटलेले आहे. डेव्हिड लूकस ह्या तरुण कारागिराकडून त्याने आपली निवडक चित्रे पत्र्यावर कोरवून त्यांच्या छापील प्रतींचा संग्रह काढला. त्यात हॅडलीचा किल्लाही होता. ह्या उद्योगात त्यास खोट आली. सन १८३२ मध्ये त्याचा जिवलग मित्र फिशर वारला. पुढे त्याने निसर्गचित्रणाच्या इतिहासावर व्याख्यानेही दिली. ३१ मार्च १८३७ रोजी दिवसभर तो एका पाणचक्कीचे व किल्ल्याचे चित्र रंगवीत होता. त्याच रात्री त्यास मृत्यूने गाठले. हॅम्पस्टेडच्या स्मशानभूमीत मरायाच्या शेजारी त्यास चिरविश्रांती मिळाली.

आपल्या मुंबईशी ह्या घराण्याचा एक धागा जुळलेला आहे. त्याचा दुसरा मुलगा चार्ल्स गोल्डिंग हा सन १८३५ मध्ये, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, समुद्रावर गेला आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारात कप्तान झाला. ह्या आरमाराचे मुख्य ठाणे मुंबई बंदर हे होते. सन १८५७ ते १८६० ह्या काळात इराणच्या आखाताची मोजणी करून त्याने सागरी नकाशे तयार केले. ज्या पित्याने स्वतःचा धंदा स्वतः निवडला होता, त्याने आपल्या मुलासही त्याच्या मनाजोगी वाट धरू दिली. कोवळ्या वयाचा मुलगा दूर जाताना त्याचे मन तुटत होते, तरीही त्याने आडकाठी केली नाही. मुलगी इझाबेल हिने वडिलांची शेकडो चित्रे व रेखाटने सन १८८८ मध्ये राष्ट्रास अर्पण केली. आज ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ‘हॅडली कॅसल’चा कच्चा आराखडा लंडनच्या टेट संग्रहालयाने सन १९३५ मध्ये विकत घेतला, पक्के चित्र अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहे. तो किल्ला अद्यापि तसाच पडका उभा आहे. सन २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील डोंगरी सायकल शर्यती त्याच्या नजीकच्या उतारांवर झाल्या, तेव्हा जगभरच्या प्रेक्षकांनी ते बुरूज दूरचित्रवाणीवर पाहिले.

आपल्या ज्ञातीतील कितीतरी मुलेमुली एलिमेंटरी व इंटरमीजिएट चित्रकलेच्या परीक्षांस बसतात. बक्षीस मिळाले की आपण कौतुक करतो. पण दहावी झाली की रंगांची पेटी माळ्यावर जाते. मुलाने दुकानाची गादी अथवा माग सोडून वेगळी वाट धरली, किंवा मुलीने आपल्या पसंतीचे नाव सांगितले, की घरातील वातावरण तापते. वडील मंडळींनी विचार करू नये असे कोण म्हणेल? गोल्डिंग कॉन्स्टेबल ह्यांनीही विचार केला, वर्षभर मुलास चक्कीवर बसविले, आणि त्याचा ओढा खरा आहे अशी खात्री पटल्यावर पदरचा पैसा घालून त्यास पाठविले. डॉक्टर रूड ह्यांनीही नातीचे हितच चिंतिले असेल. परंतु त्यांनी माणूस पाहिला नाही, घर पाहिले. पहिल्यांच्या विचाराने जगास एक चित्रकार दिला. दुसऱ्यांच्या हट्टाने दोन जीवांच्या थोड्याशा आयुष्यातील सात वर्षे नेली, आणि ती परत देणे मागाहून कोणाच्याही हाती राहिले नाही. आपल्या घरी असा प्रसंग आला तर ह्या दोन वडीलधाऱ्यांपैकी कोणासारखे वागावयाचे, ह्याचा विचार प्रत्येक कुटुंबाने वेळीच करावा, एवढीच विनंती.

चक्कीवाल्याच्या त्या गुणी मुलाच्या आणि त्याच्यासाठी सात वर्षे थांबून राहिलेल्या त्या साध्वी स्त्रीच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.